भांडुपच्या संघमित्राची अधिकृत चरबी

माणसाची उंची आईबापाच्या हाती असते, वजन स्वतःच्या हाती असतं आणि चरबी समितीच्या हाती असते. पहिल्या दोन गोष्टी कुणीही पट्टी आणि काटा घेऊन मोजू शकतो, म्हणून त्यांना समाजात फारशी किंमत नाही. चरबीचं तसं नाही. ती कातडीच्या आत असते, आणि आतलं मोजायचं तर बाहेर माणसं लागतात, टेबल लागतं, टेबलावर पांढरा कपडा लागतो आणि कपड्यावर बिस्किटांची बशी लागते. (बशी मोजणाऱ्यांसाठी.)

हे सत्य पूर्व उपनगर कबड्डी उत्कर्ष संघाला उमगलं, त्याचं श्रेय सरचिटणीस काशीराम राणे यांना जातं. राणेसाहेब अंधेरीच्या एका हॉटेलात ‘आधुनिक खेळाडू घडवताना’ या विषयावरच्या कार्यशाळेला जाऊन आले. जेवण उत्तम होतं. जेवणानंतर पडद्यावर शरीरातल्या मेदाविषयी इंग्रजीतून बरंच काही सरकत होतं. त्यातला एक आकडा साहेबांनी तळहातावर लिहून आणला: चोवीस. पुढच्याच बैठकीत ठराव झाला, की यापुढे महिला संघात निवड व्हायची तर खेळाडूच्या अंगातला मेद चोवीस टक्क्यांच्या आत हवा. (चोवीस हा त्या स्लाइडचा क्रमांक होता, हे नंतर आलेल्या छापील प्रतींवरून कळलं. पण तोवर ठराव इतिवृत्तात गेला होता. इतिवृत्तात गेलेली गोष्ट चूक राहत नाही, तिचं धोरण होतं.)

धोरण आलं तेव्हा संघमित्रा हिवाळे सत्तावीस वर्षं दहा महिन्यांची होती. दिवसभर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर खोकी बांधायची आणि संध्याकाळी भांडुपच्या मातीच्या मैदानावर अनवाणी चढाया करायची, असं तिचं नऊ वर्षं चाललं होतं. अंधेरीच्या एका महामंडळात क्रीडा कोट्यातली एक जागा निघाली होती. अट एकच: अठ्ठावीस पूर्ण होण्याआधी राज्य स्पर्धा खेळल्याचं प्रमाणपत्र. अठ्ठावीसच्या आत आता एकच राज्य स्पर्धा उरली होती. उपनगरच्या संघात नाव लागलं तर नोकरी, नाही लागलं तर खोकी. इतका सोपा हिशेब आयुष्यात क्वचितच समोर येतो.

निवड चाचणीच्या चार दिवसांत संघमित्रानं एकेचाळीस गुण घेतले. तिच्या खालोखाल जी मुलगी होती, तिचे बावीस. पण गुण नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्याला यंत्र लागत नाही, म्हणून पुरावा म्हणून ते कच्चेच. पक्क्या पुराव्यासाठी संघानं हर्षद मेस्त्री यांची शरीरमेद-मापन अधिकारी म्हणून नेमणूक केली होती. हर्षदनं तीन दिवसांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला होता आणि त्यातले दोन दिवस नेट चालू होतं.

पाचव्या दिवशी सकाळी संघाच्या सभागृहात टेबल लागलं. मापन सुरू होत असल्याची घोषणा होताच टेबलापासून आठ फुटांच्या आत असलेल्या सातही पदाधिकाऱ्यांनी पोटं आत ओढून घेतली. (त्यांच्यापैकी कुणाचीही मोजणी होणार नव्हती.)

पहिली पद्धत चिमट्याची. दंडामागचं, पोटावरचं, मांडीवरचं कातडं चिमटीत धरायचं आणि चिमट्याच्या काट्यावर जाडी वाचून कोष्टकातून टक्के काढायचे. महिला खेळाडूला महिलेनंच मोजावं असं ठरलं, आणि सभागृहात मोजू शकतील अशा महिला दोनच होत्या. एक भांडुपच्या प्रशिक्षक वनमाला घाडीगावकर, ज्यांनी संघमित्राला अकराव्या वर्षी मैदानात उतरवलं. दुसऱ्या मुलुंडच्या प्रशिक्षक दर्शनाबाई, ज्यांची चढाईपटू बावीस गुणांवर थांबली होती. वनाताईंनी चिमटा असा धरला, जसं तान्ह्याचं नाक धरतात. सतरा टक्के. दर्शनाबाईंनी त्याच जागी धरला तेव्हा संघमित्रा ‘आई गं’ म्हणाली. एकोणतीस.

“दोन्ही आकडे बरोबर आहेत,” हर्षद म्हणाला. “चिमट्यात धरणाऱ्याचा हातही मोजला जातो.”

सरासरी तेवीस धरण्यात आली. म्हणजे चिमट्यानं जे मोजलं ते भांडुप आणि मुलुंड यांच्यातलं अंतर, आणि ते बारा निघालं. तरीही तेवीस म्हणजे चोवीसच्या आत. संघमित्रा चपला घालायला वळली.

“थांबा हिवाळे,” राणेसाहेब म्हणाले. “एका पद्धतीवर विसंबणं म्हणजे तुमच्यावर अन्याय होईल.”

तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून विजेचा काटा आणला गेला. हा काटा उभं राहणाऱ्याच्या तळपायातून बारीकशी वीज सोडतो. अंगातलं पाणी तिला वाट देतं, चरबी तिला अडवते. जितकी अडवणूक जास्त तितकी चरबी जास्त, असा त्याचा सरळ स्वभाव. आधी काटा अचूक आहे की नाही हे तपासायला राणेसाहेब स्वतः वर चढले. वजन चौऱ्याण्णव किलो, मेद अठरा टक्के. काटा अत्यंत अचूक असल्याचं एकमतानं मान्य झालं आणि साहेबांनी आकड्याचा फोटो घरी पाठवला.

मग संघमित्रा चढली. सोळा वर्षं मातीत अनवाणी घासून तिच्या तळव्यांना असे घट्टे पडले होते, की विजेला आत शिरायला दार सापडेना. शिवाय तिनं पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सभागृहातलं महिलांचं स्वच्छतागृह वापरलं की खराब होतं, म्हणून कुलूपबंद असायचं, आणि किल्ली साहेबांच्या खणात. त्यामुळे चाचणीच्या दिवशी मुली पाणी पीत नसत. काट्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. घट्टे अडवत होते, कोरडं अंग अडवत होतं. त्यानं ही सगळी अडवणूक इमानेइतबारे चरबीच्या नावावर टाकली. तेहतीस टक्के.

“साहेब, अठरा तुम्ही आणि तेहतीस मी?” संघमित्रानं विचारलं.

“यंत्र आहे ते,” साहेब समजुतीनं म्हणाले. “त्याला काय ओळख-पाळख असते?”

तिसरी पद्धत टेपची. गळा, कंबर आणि नितंब यांचे घेर घेऊन परदेशातल्या एका नौदलाच्या सूत्रात घालायचे. (ज्यानं जहाज बुडत नाही त्यानं कबड्डीपटूही बुडणार नाही, हे उघड आहे.) टेप कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून आणला होता. त्याच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर होते. गळा इंचाच्या बाजूनं मोजला गेला आणि कंबर उलट्या बाजूनं. सूत्रानं कुरकुर न करता उत्तर दिलं: एकाहत्तर टक्के. म्हणजे बासष्ट किलोच्या देहात हाडं, स्नायू, रक्त आणि संघमित्रा मिळून उरले अठरा किलो. चूक लगेच लक्षात आली. पण आकडा शाईनं लिहिला गेला होता, आणि शाईनं लिहिलेल्यावर खाडाखोड केली तर मापनाच्या विश्वासार्हतेला धक्का बसतो. आकडा राहिला.

चौथी पद्धत पाण्याची. ही सगळ्यांत जुनी आणि मानाची. माणसाला संपूर्ण बुडवून पाण्याखाली त्याचं वजन घ्यायचं. चरबी तरंगते, हाडं बुडतात, त्यावरून हिशेब. मुलुंडच्या एका सोसायटीच्या तरणतलावात सिमेंटच्या कठड्याला मच्छीबाजारातला लटकता काटा बांधला आणि त्याला प्लास्टिकची खुर्ची अडकवली. या पद्धतीत एकच पथ्य असतं: बुडण्याआधी छातीतली सगळी हवा सोडून द्यायची. हवा राहिली तर माणूस तरंगतो, आणि हिशेबात ती हवासुद्धा चरबी म्हणून धरली जाते.

नेमकी इथे अडचण आली. चढाईपटूचं सगळं आयुष्य एका श्वासात जातं. कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडे जायचं, गडी टिपायचा आणि तोच श्वास तुटायच्या आत मध्यरेषा ओलांडून परत यायचं. वनाताईंनी अकरा वर्षांच्या संघमित्राला पहिल्या दिवशी पकड शिकवली नाही, चढाई शिकवली नाही. छातीवर बोट ठेवून एकच सांगितलं होतं, “हय बघ गो बाय, हडे परतीचो दम ठेवूचो. सगळो खर्च करूचो, पण तेका हात लावूचो नाय.”

सोळा वर्षं तिनं त्याला हात लावला नव्हता.

“सगळी हवा सोडा मॅडम,” काठावरून हर्षद ओरडला.

“सोडली.”

“अजून आहे. खुर्ची वर येतेय.”

“ती ठेवलेली आहे.”

“ठेवायची नाही! सोडा!”

तिनं पाचदा प्रयत्न केला. पाचही वेळा छातीच्या तळाशी काहीतरी मुठीसारखं मिटून बसलं आणि संघमित्रा खुर्चीसकट बुचासारखी वर आली. नोंद झाली: अडतीस टक्के. मुलुंडची बावीस गुणांची चढाईपटू मात्र एका झटक्यात रिकामी झाली आणि दगडासारखी तळाला गेली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अंगात दम नसल्यामुळे एखाद्या कबड्डीपटूचं असं जाहीर कौतुक होण्याची उपनगरातली ही पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी तक्ता फळ्यावर लागला:

चिमटा – २३ (भांडुप १७, मुलुंड २९)
विजेचा काटा – ३३ (घट्ट्यांसह)
टेप – ७१ (दोन्ही बाजू धरून)
पाणी – ३८ (हवा धरून)
सरासरी – ४१.२५
शेरा – अपात्र.

गुण एकेचाळीस, चरबी सव्वाएकेचाळीस. चरबीनं खेळाडूला पाव टक्क्यानं हरवलं होतं.

घरी नंदाबाईंनी लेकीला खालून वर पाहिलं. “साडेपंचवीस किलो चरबी? ठेवलीस कुठं? अगं माय, साडीची पिन लावायला जागा घावत नाही अंगावर.”

“समितीला घावली ना,” संघमित्रा म्हणाली आणि पालथी पडून राहिली. अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला सात आठवडे होते. संघाची यादी पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला वनाताई तिला हाताला धरून थेट बैठकीत घेऊन आल्या. टेबलापाशी सात जण बसले होते. विषयच तसा असल्यामुळे सातही पोटं आत होती.

“राणेनू, त्या काट्यार परत चढा बघू,” वनाताई म्हणाल्या.

साहेब आनंदानं चढले. अठरा. वनाताई खाली वाकल्या, काट्याच्या कडेचं एक बारीक बटण त्यांनी दाबलं आणि म्हणाल्या, “आता?”

छत्तीस.

चौकशीत निष्पन्न झालं की काट्याला दोन मोड आहेत. एक सर्वसाधारण माणसाचा आणि एक खेळाडूचा. खेळाडूच्या मोडमध्ये काटा मुळातच समजुतीनं घेतो आणि आकडा खाली आणतो. साहेब क्रीडा क्षेत्रातले ज्येष्ठ म्हणून हर्षदनं आदरानं त्यांना खेळाडूच्या मोडमध्ये मोजलं होतं. मुलींना सर्वसाधारण.

“मग मलापण खेळाडूचा लावा ना!” संघमित्रा म्हणाली.

“तू खेळाडू आहेस,” साहेब काट्यावरून उतरत म्हणाले. “तुला खेळाडूचा मोड कशाला? चष्मा कुणाला लागतो? ज्याला दिसत नाही त्याला.”

हा युक्तिवाद बैठकीत कुणालाच कळला नाही. तो इतिवृत्तात घेण्यात आला.

“ता ऱ्हवांदे,” वनाताईंनी मोर्चा हर्षदकडे वळवला. “तू शिकलेलो माणूस. माका एकच सांग. ह्या चार आकड्यांतलो खरो खंयचो?”

हर्षद मुळात प्रामाणिक मुलगा. त्यानं घाम पुसला. “ताई, ऍक्च्युअली खरा कुठलाच नाही. सगळे अंदाजच. चिमटा पाण्यावरून तपासतात, काटा चिमट्यावरून. मोठ्या हॉस्पिटलातलं क्ष-किरणाचं मशीन जवळ जातं, पण त्याचाही अंदाजच, जरा महाग. शंभर टक्के खात्रीची पद्धत एकच आहे. शरीर उघडायचं, चरबी वेगळी काढायची आणि तराजूत घालायची.”

“कोणाचां शरीर?”

“मेलेल्या माणसाचं.”

सातही पदाधिकाऱ्यांना धक्का नाही बसला, सुटल्यासारखं वाटलं. आजवर समितीला कुणी सांगितलंच नव्हतं की अचूकता अस्तित्वात आहे आणि तिच्यासाठी फक्त थोडं थांबावं लागतं. साडेचारला ठराव क्रमांक एकोणीस एकमतानं मंजूर झाला: “खेळाडू हयात असेपर्यंत तिचा मेद अंदाजे राहतो, सबब तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून कु. हिवाळे यांची निवड तात्पुरती करण्यात येत आहे. खेळाडूच्या निधनानंतर मेद निश्चित होताच कायम प्रमाणपत्र देण्यात येईल.” सोबत एक फॉर्म होता: माझ्या पश्चात माझा देह मेदनिश्चितीसाठी संघाच्या स्वाधीन करण्यास माझी हरकत नाही. खाली पालकांची सही.

नंदाबाईंना फोन लावून फॉर्म वाचून दाखवला. पलीकडून आलं, “मेल्यावर तरी माझ्या लेकराला सुखानं पडू द्या की रे, मेल्यांनो!”

“आई, पाचला यादी जाणार. पावणेपाच झाले.”

“…कर सही. माझीबी तूच कर.”

सांगलीच्या राज्य स्पर्धेत उपांत्य सामन्याची शेवटची चढाई संघमित्राची होती. तिघींनी तिला पलीकडे धरली, एकीनं कंबर, दोघींनी पाय, आणि सगळ्यांना वाटलं संपलं. तेव्हा छातीच्या तळाशी मिटून बसलेली ती मूठ तिनं उघडली. कबड्डी कबड्डी चालूच राहिलं. ती तिघींना ओढत आली आणि तिच्या मधल्या बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं. पंचांनी त्या बोटाकडे पाहिलं आणि तीन गुण दिले. किती टक्के, असं कुणीच विचारलं नाही.

प्रमाणपत्र घेऊन ती महामंडळात गेली. आस्थापना विभागात ऋता मॅडम बसत.

“हे तात्पुरतं आहे,” मॅडम म्हणाल्या. “तात्पुरतं चालत नाही. कायमचं आणा.”

“कायमचं मेल्यावर मिळतं मॅडम.”

मॅडमनी ठरावाची प्रत शेवटपर्यंत वाचली. आत कुठेही विसंगती सापडली नाही. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “मग तेव्हा आणून द्या. तोपर्यंत तुम्हाला तात्पुरत्या घेते.”

अशी संघमित्रा नोकरीला लागली. क्रीडा कोट्यातून घेतलेल्या माणसाला आवक-जावक विभागात ठेवायची जुनी रीत होती. सकाळी आठला निघायचं, रात्री आठला भांडुपात. पहिल्या वर्षी रविवारी मैदान होत असे, दुसऱ्या वर्षी रविवारी कपडे होत. बूट नित्याचे झाले, तळव्यांचे घट्टे गळून पडले. टेबलाजवळच पाण्याचा कूलर होता आणि महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप नव्हतं. ती दिवसाला तीन बाटल्या पाणी पिऊ लागली. वजन बासष्टाचं एकोणसत्तर झालं. वनाताई एकदा रस्त्यात भेटल्या आणि नुसती तिच्या छातीवर बोटानं टिचकी मारून पुढे गेल्या.

तिसऱ्या वर्षी कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी झाली. विजेचा काटा घेऊन आला तो हर्षद. त्यानं यादी पाहिली, संघमित्राच्या नावापुढे ‘क्रीडा कोटा’ वाचलं आणि अदबीनं खेळाडूचा मोड लावला. मऊ तळव्यांतून, भरपूर पाण्यातून वीज सुखानं आरपार गेली.

एकोणीस टक्के.

सोळा वर्षं खेळून जो आकडा मिळाला नाही तो खेळ सोडल्यावर मिळाला, यावरून सातत्याचं महत्त्व दिसून येतं. हर्षदनं तो आकडा संघाला कळवला. संघाची खास बैठक झाली. चोवीसच्या आत तर आलं, पण ठराव एकोणीसमधल्या निधनाच्या अटीचं काय, असा रास्त प्रश्न आला. राणेसाहेबांनी तो एका वाक्यात सोडवला. ठरावात ‘खेळाडूच्या निधनानंतर’ असं आहे. हिवाळे हयात आहेत, पण खेळाडू कुठे हयात आहे? अट पूर्ण झाली.

कायम प्रमाणपत्र द्यायच्या समारंभाला संघमित्रा रजा टाकून गेली. आधी प्रथेप्रमाणे दिवंगत खेळाडूला आदरांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहायचं होतं. सगळे उभे राहिले. आपण बसून राहणं बरं दिसणार नाही, म्हणून तीही उभी राहिली. काय करावं हे न सुचून तिनं जुन्या सवयीनं दम धरला. एक मिनिट झालं, दीड झालं. दोन मिनिटं संपल्याची घंटा वाजली, लोक खुर्च्या ओढून बसले. तिनं अजून दम सोडला नव्हता. मग सोडला. बराच वेळ येत राहिला.

प्रमाणपत्र तिच्या टेबलाच्या खणात आहे. मेदाच्या रकान्यात १९ लिहिलेलं आहे, आणि ते शाईनं आहे.

संघानं आता आपल्या अनुभवावरून एक निरीक्षण नोंदवलं आहे. मेद मोजण्याचा विषय निघाला की आठ फुटांच्या आतला माणूस पोट आत ओढतो, हे त्यांना ठाऊक होतंच. पण विषय नुसता वाचला तरी तेच होतं, आणि शंभरातल्या त्र्याण्णव वाचकांना आपण ओढलेलं आहे याचा पत्ताही नसतो. चोवीस हा स्लाइडचा क्रमांक होता, हे आपल्याला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरीही आपण चोवीसच्या आत असू की बाहेर, हा विचार आपल्या मनात येऊन गेला. तेव्हापासून पोट आत आहे.

संघमित्रा दम धरायची, कारण तिला परत यायचं असायचं. आपण कुठून परत येताय?

सोडा. कुणी मोजत नाहीये.